व्हीईजीएफ-ए आणि व्हीईजीएफ-सी: कर्करोगाला वाट कोण करून देतं?

व्हीईजीएफ म्हणजे वाहिन्यांची वाढ घडवणारी प्रथिनं. ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही याच घराण्यातली, पण कामं वेगळी. व्हीईजीएफ-ए मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या रिसेप्टर-२ (संदेश पकडणारं प्रथिन) मार्फत काम करतं. कर्करोगाच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, प्राणवायू मिळतो, गाठ वाढते. अमेरिकेत २००४ साली मंजूर झालेलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध ‘ए’लाच अडवतं.

लसिकामार्गाच्या (पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्याच्या) दृष्टीने खरं लक्ष द्यायला हवं ते ‘सी’कडे. पेशीतून ते अर्धवट तयार स्थितीत बाहेर पडतं. सीसीबीई१ या प्रथिनाच्या मदतीने एडीएएमटीएस३ हे विकर (एन्झाइम) त्याची काटछाट करतं, तेव्हा कुठे ते लसिकावाहिन्यांवरच्या रिसेप्टर-३ ला जोमाने चालना देतं. मग गाठीच्या कडेला लसिकावाहिन्या फुटतात, रुंदावतात. लसिकाकेशिकांना सलग आधारपटल (पेशींना बाहेरून आधार देणारा पातळ थर) नसतं आणि पेशींचे सांधे शर्टाच्या बटणांसारखे तुटक असतात, त्यामुळे कर्कपेशींना आत शिरणं सोपं जातं. शिवाय या वाहिन्या सीसीएल२१ हे पेशींना खेचून घेणारं प्रथिन स्रवतात. सीसीआर७ हा त्याचा रिसेप्टर असलेल्या कर्कपेशी त्या दिशेने ओढल्या जातात. पुढचा मुक्काम जवळची लसिकाग्रंथी, स्तनाच्या कर्करोगात बहुधा काखेतली.

बेव्हॅसिझुमॅब ‘सी’ला धरत नाही, म्हणून ही वाट त्याने थेट बंद होत नाही. त्यात पूर्ण काटछाट झालेलं ‘सी’ रिसेप्टर-२ लाही चिकटतं, त्यामुळे दोघांतली सीमारेषा पक्की नाही.