११ महिने डेडिकेटेड सर्व्हरवर: कोअर पुरले, डिस्क नडली

आम्ही दोघे मिळून सराव परीक्षांची एक वेबसाइट चालवतो. दिवसभर तिथे फारसं कुणी फिरकत नाही. रात्री ८ वाजता परीक्षा उघडली की मात्र साधारण ३ हजार जण एकदम आत शिरतात आणि पुढचा तासभर प्रत्येक जण अर्ध्या-एक मिनिटाला एक उत्तर जतन करत राहतो. म्हणजे डेटाबेसला वाचण्यापेक्षा लिहिण्याचंच काम जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमची साइट बातम्यांची किंवा फोटोंची असेल तर पुढचं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही.

आधी आम्ही ८ व्हर्च्युअल कोअर आणि १६ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर (एका यंत्राचे वाटे करून दिलेल्या आभासी सर्व्हरवर) होतो. ८ वाजून ५ मिनिटांनी पानं अडखळायची. टॉप कमांड (यंत्रावरचा ताण दाखवणारी) उघडली की 'एसटी' या रकान्यात १५-२० टक्के दिसायचे. आपल्या वाट्याचा प्रोसेसरचा वेळ त्याच यंत्रावरचे शेजारी खाताहेत, असा त्याचा अर्थ. त्यावर आपल्या हातात काहीच नसतं. म्हणून अख्खं यंत्र, म्हणजे डेडिकेटेड सर्व्हर, भाड्याने घ्यायचं ठरलं.

माझ्या भागीदाराला एएमडीचा ६४ कोअरचा एपिक ७७६३ प्रोसेसर हवा होता. मी १६ कोअरच्या ७३४३ वर अडून बसलो. पीएचपीची (आमची साइट ज्या भाषेत लिहिली आहे तिची) एक विनंती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कोअरवर धावते. त्यामुळे एका माणसाला पान किती लवकर मिळतं हे त्या एका कोअरच्या वेगावर ठरतं. ७७६३ चा मूळ वेग २.४५ गिगाहर्ट्झ, ७३४३ चा ३.२. गर्दी झाली की जास्त कोअर कामाला येतात हे खरं, पण ११ महिन्यांत आमचे १६ कोअर सगळे मिळून ६० टक्क्यांच्या वर गेलेले मी पाहिलेले नाहीत. या वादात मी जिंकलो. पुढच्यात तोंडावर आपटलो.

मेमरी १२८ जीबी, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी). हिशोब साधा होता. पीएचपीचा एक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) आमच्याकडे साधारण ६० एमबी घेतो, म्हणजे २०० वर्करना १२ जीबी. डेटाबेस ६० जीबीच्या आसपास, म्हणून इनोडीबीचा (डेटाबेसच्या साठवण-इंजिनाचा) बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा, ६४ जीबी ठेवला. हा आकडा स्वतः बदलावा लागतो बरं का. मूळ सेटिंग फक्त १२८ एमबीचं असतं, आणि भरपूर मेमरी विकत घेऊन ती तशीच पडून राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. उरलेली मेमरी रेडिस (मेमरीतच डेटा ठेवणारा साठा) आणि फाइल कॅशला. मेमरीच्या ८ चॅनेलच्या (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांच्या) बोर्डावर ३२ जीबीच्या ४ पट्ट्या लावून मिळाल्या, म्हणजे निम्मे चॅनेल रिकामे. तत्त्वतः हे चूक, पण आमच्या कामात फरक जाणवला नाही.

आता डिस्क. करारात '२ एनव्हीएमई, रेड १' (२ एसएसडी, दोन्हींवर तोच डेटा) एवढंच लिहिलं होतं आणि मी खूश झालो. एनव्हीएमई म्हणजे वेगवान, संपला विषय. पहिल्याच मोठ्या परीक्षेला उत्तरं जतन व्हायला ३-४ सेकंद लागू लागले. आम्ही आधी पीएचपीचे वर्कर वाढवले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! वाढवलेले वर्करही त्याच रांगेत जाऊन उभे राहिले. टॉपमध्ये 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) जेमतेम ५ टक्के दिसत होता, म्हणून डिस्ककडे लक्षच गेलं नाही. हा आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. १६ कोअर असताना त्यातला एक जरी पूर्ण वेळ डिस्कची वाट पाहत बसला, तरी तिथे ६ टक्केच दिसणार.

शेवटी एफआयओने (डिस्कची चाचणी घेणाऱ्या साधनाने) मोजलं. प्रत्येक लहान लेखनानंतर फ्लश करायला (कॅशमधलं कायमचं लिहायला) लावलं तर ही ड्राइव्ह सेकंदाला ४०० च्या आसपासच लेखनं उरकत होती. ती घरगुती संगणकातली निघाली. डेटाबेस प्रत्येक कमिटला (बदल पक्का करताना) 'हे कायमचं लिहून झालं का?' असं विचारतो. घरगुती ड्राइव्हमधला कॅश वीज गेली की पुसला जातो, म्हणून तिला दर वेळी खरोखर फ्लॅशवर लिहूनच उत्तर द्यावं लागतं. सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशमधलं लिहून काढण्याइतका दम त्यांच्यात असतो, त्यामुळे ती लगेच होकार देते. जाहिरातीतला 'सेकंदाला ७ हजार एमबी' हा आकडा सलग मोठ्या वाचनाचा असतो, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

ड्राइव्ह बदलून मिळेपर्यंत दोन आठवडे गेले. तोवर कमिटनंतरचा फ्लश सेकंदाला एकदाच होईल असं सेटिंग ठेवलं. यंत्र मधेच बंद पडलं असतं तर शेवटच्या सेकंदभरातली उत्तरं गेली असती. त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही. त्याच काळात कोड वाचताना कळलं की एका उत्तरामागे आम्ही ४ वेगवेगळे कमिट करत होतो. ते एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसवले आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं. म्हणजे सगळं खापर ड्राइव्हवर फोडता येत नाही.

नव्या ड्राइव्हवर तीच चाचणी १५ हजारांच्या वर गेली. बसवताना मात्र वेगळीच फजिती. एक काढून नवी लावली, रेड पूर्ण जुळला, मग दुसरी बदलली, तीही जुळली. रीस्टार्ट केलं आणि यंत्र उठेचना. यंत्र सुरू करणारं ईएफआय पार्टिशन रेडच्या बाहेर होतं, आणि ते जुन्या ड्राइव्हसोबत निघून गेलं होतं. आयपीएमआयचा कन्सोल (यंत्र उठत नसलं तरी दुरून त्याचा ताबा देणारा) होता म्हणून रेस्क्यूमध्ये (दुरुस्तीसाठीच्या प्रणालीत) शिरून ते पुन्हा तयार करता आलं. पुरवठादाराच्या मदतीची वाट पाहिली असती तर त्या रात्रीची परीक्षा गेलीच होती. आयपीएमआय वेगळे पैसे देऊन घ्यावं लागत असेल तरी घ्या.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी. चित्रं आणि स्क्रिप्ट सीडीएनवर (फाइल वाटणाऱ्या दुसऱ्यांच्या सर्व्हरवर) असल्यामुळे आम्हाला ते पुरून उरतं. पानागणिक २ एमबी स्वतःच्या यंत्रावरून पाठवणाऱ्याची गाडी सेकंदाला साठेक पानांवर अडेल.

तक्रार उरली आहे ती एकच, आणि ती आमच्याच निर्णयाबद्दल. यंत्र एकच आहे. बॅकअप रोज दुसरीकडे जातो, पण बोर्ड जळला तर नवं यंत्र उभं करून डेटा परत भरायला अर्धा दिवस जाईल. याच सर्व्हरचं भाडं आम्ही पुढे चालू ठेवतोय. पुढच्या महिन्यात डेटाबेसची प्रतिकृती ठेवायला दुसरा लहान सर्व्हर घेतोय: ८ कोअर, ६४ जीबी. या वेळी ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक करार करण्याआधीच लेखी मागितला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.