लॉगबुकात तास वाढत गेले, विमान मात्र जमिनीवरच होतं

पायलट व्हायला निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्यासाठी घर गहाण टाकायला निघालेल्या आईवडिलांनी फी भरायच्या आधी हे वाचावं. एका फ्लाइंग स्कूलने माझ्याकडून पूर्ण कोर्सची फी आगाऊ घेतली, जेमतेम अर्धे तास उडवले आणि उरलेले तास कागदावर भरून द्यायची तयारी दाखवली. वर नोकरीच्या नावाखाली आणखी पैसे उकळले. प्रकरण तक्रारीत आहे, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. ते कसं करतात, ते मात्र सगळं लिहिते.

सुरुवात जाहिरातीपासून झाली. खांद्यावर चार पट्ट्या, मागे मोठं जेट, आणि ‘पगार घेऊन जग फिरा’. समुपदेशक म्हणाले, “मॅडम, या बॅचच्या दोनच जागा उरल्यात. आज भरलेत तर जुन्या दराने घेतो.” करारात ‘२०० तासांचं प्रशिक्षण’ एवढंच होतं. ते किती महिन्यांत, कोणत्या विमानावर, विमान बंद पडलं तर काय, याबद्दल अक्षरही नव्हतं. परताव्याचं कलम होतं, पण ‘प्रशासकीय खर्च वजा करून’, आणि तो खर्च किती हे ठरवणार तीच संस्था.

२०० हा आकडा खरा आहे, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत विमानाच्या व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास सांगितले आहेत. मान्यताप्राप्त कोर्स असेल तर १५०. देशागणिक अटी याहून कडक असू शकतात. पण नुसती बेरीज पुरत नाही. २०० मधले १०० तास तुम्ही स्वतः विमानाच्या प्रमुख म्हणून उडवलेले हवेत. त्यात एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचे २० तास, आणि त्यातही किमान ५४० किलोमीटरची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. उपकरणांच्या आधाराने उडण्याचं प्रशिक्षण १० तास, रात्रीचं उड्डाण हवं असेल तर त्याचे ५. माझ्या करारात यातली एकही फोड नव्हती.

धावपट्टीशेजारी विमानांची रांग होती. पहिल्या दिवशी ती पाहून घरचे सगळे खूश झाले. नंतर कळलं की उडण्याजोगं त्यातलं एकच. एकाचा प्रोपेलर काढून ठेवलेला, दुसऱ्याच्या टायरात हवाच नाही. आम्ही पहाटेपासून हॅंगरच्या सावलीत बसून राहायचो. कधी हवामान, कधी इंधन, कधी इन्स्ट्रक्टर सोडून गेले. हे होत असताना वसतिगृहाचं भाडं चालूच.

आता मुख्य गोष्ट. कॉकपिटच्या पॅनेलवर तासांचा एक छोटा मीटर असतो, तासाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा दाखवणारा. निघताना आणि परतल्यावर मी त्याचा फोटो काढायचे. एकदा दोन फोटोंमधला फरक ०.९ होता. माझ्या लॉगबुकात, म्हणजे मी उडवलेल्या तासांच्या वहीत, इन्स्ट्रक्टरने १.४ लिहून सही केली, आणि माझ्या खात्यातून वजाही १.४ तासच झाले. मग मी विमानाची तांत्रिक नोंदवही बघायला मागितली. तिथे त्याच उड्डाणापुढे ०.६ होतं. एकाच उड्डाणाचे तीन आकडे!

हे का करतात, ते एका मेकॅनिककाकांनी समजावलं. अशा विमानांची साधारण दर १०० तासांनी सक्तीची तपासणी असते, आणि इंजिनाचं मोठं काम बहुतेक २००० तासांच्या आसपास. विमानाच्या वहीत तास कमी दाखवले की तपासणी पुढे ढकलता येते. विद्यार्थ्याच्या वहीत जास्त दाखवले की कोर्स लवकर ‘संपतो’. दोन्हीकडून संस्थेचे पैसे वाचतात. आणि आम्ही त्या तपासणी चुकवलेल्या विमानात बसून एकटे सोलोला जात होतो. पैशांपेक्षा याचा राग मला जास्त येतो.

मी वाद घातला तेव्हा उत्तर मिळालं, “राहिलेले तास आपण भरून घेऊ, सगळेच घेतात.” मी नकार दिला. खोट्या नोंदी सापडल्या तर परवाना जातो तो विद्यार्थ्याचा. आणि नाही सापडल्या तर? आडव्या वाऱ्यात विमान उतरवायचे तास ज्याने कधी उडवलेच नाहीत, त्याच्या मागे उद्या प्रवासी बसतील.

दुसरा डाव नोकरीचा. एका एअरलाइनचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं: को-पायलट म्हणून निवड झाली आहे, टाइप रेटिंगची अनामत भरा. टाइप रेटिंग म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या ठरावीक विमानाचं वेगळं प्रशिक्षण. त्याचा खर्च काही एअरलाइन खरंच उमेदवाराकडून घेतात, म्हणून मागणी पटण्याजोगी वाटते. पण पत्र आलं होतं फुकटच्या ईमेलवरून, आणि खातं होतं एका व्यक्तीच्या नावावर. पहिला हप्ता गेल्यावर एअरलाइनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर मी फोन केला. अशी भरतीच नव्हती. जागा ‘राखून ठेवायला’ मुलाखतीआधी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

जग फिरण्याबद्दलही थोडं. कमी अंतराच्या मार्गांवरचे बरेच पायलट रात्री घरी परततात. लांबच्या उड्डाणांनंतर मुक्काम मिळतो, पण ती नियमाने दिलेली विश्रांती असते, पुढच्या उड्डाणासाठी झोपायची. काम सुंदर आहे, मला अजूनही तेच करायचंय. ते सहल म्हणून विकणाऱ्यांपासून लांब राहा.

फी भरायच्या आधी क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंगदृष्टीचा दोष तिथेच कळतो, आणि तो कळल्यावर कुणी फी परत करत नाही. संस्थेची मान्यता आज चालू आहे का, हे त्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या यादीत स्वतः बघा, संस्थेने दाखवलेल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. परदेशात शिकणार असाल तर तिथला परवाना आपल्याकडे बदलून घ्यायला काय लागतं, हे आधी विचारा. सलग दोन सकाळी धावपट्टीजवळ उभे राहा आणि किती विमानं खरंच उडतात ते मोजा. शिकणाऱ्या मुलांशी ऑफिसबाहेर बोला. पैसे उडालेल्या तासांप्रमाणे, छोट्या हप्त्यांत, संस्थेच्याच खात्यात. यावर जो चिडतो, तिथून उठून या.

आणि जे आत्ता अशा ठिकाणी अडकलेत त्यांनी भांडण सुरू करण्याआधी लॉगबुक, पावत्या, करार आणि विमानाच्या नोंदवहीची पानं यांचे फोटो काढून घरी पाठवा. माझ्या तक्रारीनंतर ती नोंदवही ‘सापडत नाही’ असं सांगितलं गेलं. माझ्याकडे फोटो होते, म्हणूनच नियामकाने तक्रार दाखल करून घेतली.