बिझनेस इथरनेट लाइन, एका बेदाणा हंगामानंतर: लाइन चांगली, अडॅप्टर भिकार

बारा व्होल्टचा अडॅप्टर, बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळतो तो. ऐन हंगामात आमची लाइन जवळजवळ दिवसभर बंद राहिली ती या वस्तूमुळे, आणि कंपनीच्या कागदावर त्या दिवशीचा खंड लागला शून्य मिनिटं. लिहायला बसलो ते याच रागात.

आमची अडत सांगलीच्या मार्केट यार्डात आणि शीतगृह तासगावकडे. दोन्हींच्या मधे ५० एमबीपीएसची पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे दोन जागा थेट जोडणारी, इथरनेट लाइन घेतली आहे. टॅली आणि स्टॉकचा सर्व्हर यार्डातल्या ऑफिसात, तर वजनकाटा, चेंबरच्या तापमानाची नोंद आणि कॅमेरे तिकडे. लाइन गेली की गेटपास निघत नाही. टेम्पो ओळीने उभे राहतात, आणि ज्याचा माल सौद्याला काढायचाय तो शेतकरी दिवाणजींच्या टेबलापुढे येऊन थांबतो. साध्या ब्रॉडबँडवर हे का भागत नाही, ते ज्यांच्या दोन जागा आहेत त्यांना माहीतच आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. ५० एमबीपीएस म्हणजे दिवसभर ५०. कराराच्या भाषेत याला सीआयआर म्हणतात, कंपनीने हमी दिलेला वेग. संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर क्रिकेट बघत असलं तरी आमचा आकडा हलत नाही. फाइल कॉपी करताना ४८ च्या आसपासच दिसतं म्हणून आमच्या दिवाणजींनी पहिल्याच आठवड्यात हरकत घेतली होती. लाइन सुरू करून द्यायला आलेल्या इंजिनिअरने हिशोब मांडला: एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, १५१८ बाइटची, त्यात आपला माल १४६० बाइट, बाकीचे पत्ते आणि तपासणीचे आकडे. पोत्याच्या वजनातून बारदान वजा करतो तसंच. दिवाणजींना ते लगेच पटलं.

दुसरी गोष्ट तर मला अपेक्षितच नव्हती. मार्चमध्ये आवक वाढली, कॅमेरे वाढवले, ५० कमी पडायला लागले. मेल टाकला, आणि त्याच दुपारी १०० झाले. कोणी आलं नाही, लाइनच्या टोकाला बसवलेली कंपनीची पेटी बदलली नाही. पूर्वीच्या लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र लाइन, २ एमबीपीएसच्या पायरीने मिळायच्या आणि वरच्या पायरीवर जायचं तर बऱ्याचदा मोडेम किंवा कार्ड बदलावं लागायचं. आता कंपनी सुरुवातीलाच १ जीबीपीएसचं पोर्ट असलेली पेटी बसवते आणि वेग आपल्या कंट्रोल रूममधून ठरवते. माणूस, गाडी, डिझेल सगळं वाचतं. कंपनीचा खर्च वाचला आणि आमचं काम दुपारी झालं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हंगाम संपल्यावर पुन्हा ५० वर आणायलाही त्यांनी खळखळ केली नाही.

आता अडॅप्टर.

शीतगृहाच्या टोकाला जी छोटी पेटी बसवलीय, तिथे कंपनीची हद्द संपते. पेटी हुशार आहे. पुण्याच्या कंट्रोल रूममधून तिची चाचणी घेता येते, लूप टाकून, म्हणजे पाठवलेला डेटा तिथूनच परत फिरवून, बघता येतो. आणि वीज गेली तर बंद पडायच्या आधी, आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर, ती एक शेवटचा निरोप पाठवते: माझी वीज गेली. याला डाइंग गॅस्प म्हणतात. त्यामुळे फायबर तुटली की वीज गेली, हे कंपनीला बसल्या जागी कळतं आणि उगाच माणूस पाठवावा लागत नाही. कल्पना उत्तम आहे.

पण त्या दिवशी वीज गेलेलीच नव्हती. अडॅप्टर मेला होता. पेटीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, तिने तोच निरोप पाठवला. कंट्रोल रूमने तक्रार "ग्राहकाकडील वीजपुरवठा" असा शेरा मारून बंद केली. आम्ही पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, पॉवर तुमच्या साइडची आहे, महावितरणला विचारा." मी त्याला सांगत होतो की त्याच यूपीएसच्या त्याच पट्टीवर आमचा स्विच आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर चालू आहे, फोटो पाठवतो. फोटो बघायला त्याच्याकडे जागाच नव्हती. त्याच्या पडद्यावर एक ओळ आली की पुढचं सगळं त्या ओळीप्रमाणे चालतं.

माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुलगा चांगला होता, तासगावचाच. मल्टिमीटर लावला, १२ च्या जागी ७ व्होल्ट. "मालक, असले लई येतात," म्हणाला, बॅगेतला दुसरा लावला, पाच मिनिटांत लाइन सुरू.

करारात ९९.५ टक्के उपलब्धता लिहिली आहे. ३० दिवसांच्या महिन्याचे तास ७२०, म्हणजे ३ तास ३६ मिनिटांपर्यंत बंद चालेल, त्यापुढे भाड्यातून वजावट. पण ग्राहकाच्या बाजूची वीज, पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती आणि नैसर्गिक आपत्ती या हिशोबात धरत नाहीत. आमचा पूर्ण दिवस पहिल्या कलमात गेला. अडॅप्टर कंपनीचा, पेटी कंपनीची, दोन्हींवर कंपनीचे स्टिकर, आणि खंड आमच्या नावावर! वर्षाचं भाडं आगाऊ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी भरणाऱ्याने हे का ऐकून घ्यायचं? वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत मेल गेले, व्होल्टचा फोटो, यूपीएसचा लॉग, सगळं जोडलं. शेवटी त्यांनी मान्य केलं आणि वजावट दिली. रक्कम किरकोळ होती. मला ती कागदावर हवी होती आणि ती मी घेतली.

याच पेटीचं दोन पॉवर इनपुट असलेलं मॉडेल मिळतं. एक अडॅप्टर गेला तर दुसऱ्यावर चालतं. हजारो ठिकाणी बसवायची म्हटल्यावर कंपनीने एक इनपुटवाली निवडली, हा हिशोब मला समजतो. पण रस्त्यावरच्या कामात लाखो रुपये घातल्यावर शेवटच्या हातभर वायरीत काटकसर करणं मला पटत नाही, पटणारही नाही.

इथवरचा मजकूर लिहून ठेवला होता आणि शेवटी दोन तारे देणार होतो. मग रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि माझं मत थोडं बदललं.

या वेळी पेटीचा वीज गेल्याचा निरोप आला नाही, म्हणजे वीज आहे, फायबर तुटली. आम्ही फोन करायच्या आधी त्यांचा फोन आला. ओटीडीआर यंत्राने केबलमध्ये प्रकाश सोडून तुटीचं अंतर काढलं, गाडी थेट तिथेच गेली, रात्री जोडकाम करून लाइन सुरू. जी व्यवस्था अडॅप्टरच्या दिवशी आमच्यावर उलटली, तिनेच इथे काम भराभर केलं. त्या पोरांनी पावसात उभं राहून जोड मारले, त्याची दखल मी घेतोच.

त्याच रात्री दुसरी गोष्ट उघडी पडली. बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड ठेवलंय, तेही बंद होतं. रस्ता खोदायचा तर परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे मीटरमागे पैसे, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात दोघेही एकाच स्थानिक केबलवाल्याची फायबर भाड्याने घेतात. बिलं दोन, मार्ग एक. तेव्हापासून बॅकअपला सिमकार्डचा राउटर लावलाय. गेटपास तेवढ्यावर निघतो, कॅमेरे बंद ठेवतो.

यार्डाच्या टोकाबद्दलही माझं म्हणणं आता वेगळं आहे. तिथे कंपनीने स्वतंत्र फायबर न देता जीपॉन दिलं, म्हणजे एकच फायबर स्प्लिटरने ३२ ग्राहकांत वाटलेली. ग्राहकाकडे येताना सगळ्यांत मिळून साधारण २.५ जीबीपीएस, ग्राहकाकडून जाताना १.२५. हे कळल्यावर मी चिडलो होतो. पण आमच्यापुरता वेग राखून ठेवलाय आणि तो मोजून बघितलाय. शिवाय स्प्लिटरला वीज लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा गावात रस्त्यावर विजेवर चालणारी पेटी मधे नसणं ही मला मोठी गोष्ट वाटते. ही काटकसर चालेल.

नूतनीकरणाला तीन वर्षांचा करार केला तर भाडं कमी करतो म्हणतात. मी एकच वर्षाचा केला. त्यात तीन ओळी घालून घेतल्या: अडॅप्टर हे कंपनीचं उपकरण धरलं जाईल, ग्राहकाने यूपीएस चालू असल्याचं कळवलं तर केवळ पेटीच्या वीज गेल्याच्या निरोपावर तक्रार बंद होणार नाही, आणि फायबरच्या मार्गाचा नकाशा कराराला जोडला जाईल. नकाशा आला आहे. दोन इनपुटवाली पेटी "स्टॉकमध्ये आली की देतो" असं म्हणतायत. ती बसली की तीन वर्षांवर सही करेन. सध्या साडेतीन तारे.