चार दिवसांत उतरलेली लाली आणि गेलेले ५३,१०० रुपये

मी बँकेत रोखपाल आहे. सही नसलेला धनादेश मी काउंटरवरूनच परत करते. त्याच मी कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत यांपैकी काहीही नसलेल्या, नुसते बॉलपेनने ‘रात्री’ लिहिलेल्या पांढऱ्या डबीतले क्रीम तीन महिने तोंडाला फासले.

गालांवर आणि हनुवटीवर लालभडक, ठणकणारे फोड येत होते आणि भाचीचे लग्न दीड महिन्यावर आले होते, म्हणून मी एका त्वचेच्या क्लिनिकमध्ये गेले. मोफत त्वचा-तपासणी, पडद्यावर मोठा करून दाखवलेला आपलाच गाल, ‘आजच भरलेत तर सवलत’ ही सारी पद्धत वाचकांना ठाऊक आहे, मलाही होती. तपासणी मोफत असताना केसपेपरचे ५०० रुपये घेतले, ‘रक्तातील उष्णते’च्या चाचणीचे ३,२००, प्रकाशझोताच्या सहा सिटिंगच्या पॅकेजचे ४२,००० आणि चार डब्यांचे प्रत्येकी १,८५० प्रमाणे ७,४००. समोरच्या माणसाच्या अंगात पांढरा ॲप्रन होता आणि सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते. अशा वेळी नोंदणी क्रमांक कोण विचारतो? तुम्ही विचारा.

चौथ्या दिवशी लाली उतरली आणि मी मैत्रिणींना त्या क्लिनिकचा पत्ता दिला, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. मुरमे तेलग्रंथींची तोंडे बुजल्याने, त्यात जिवाणू वाढल्याने आणि सूज आल्याने होतात. ॲडापॅलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडसारख्या खऱ्या औषधांना फरक दाखवायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्या डबीत असलेले स्टिरॉइड, म्हणजे सूज दाबणारे औषध, मात्र रक्तवाहिन्या आकसवून लाली लगेच दाबते, मूळ कारण तसेच ठेवते आणि पुढे त्वचा पातळ करून स्वतःच नवे फोड आणते. चार दिवसांत गुण आला, तर आनंद नको, शंका घ्या.

तरीही ज्या क्षणी मी सावध व्हायला हवे होते, तो याच्याही नंतरचा. पहिली डबी संपली आणि दुसरी यायला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा चेहरा मिरची चोळल्यासारखा पेटला; साधे पाणी सोसवेना. फोन केला, तर तिकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, “मॅडम, आतली उष्णता बाहेर पडते आहे, चांगलेच लक्षण आहे.” औषध थांबताच अंगाची आग होते म्हणजे त्वचेला त्याची सवय लागली आहे, हे समजण्याइतके शिक्षण माझे झालेले आहे. मी मात्र फोन ठेवून निमूटपणे १,८५० रुपये यूपीआयने पाठवले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी नावही विचारण्याआधी विचारले, “कोणते स्टिरॉइड लावता?” बारीक लाल शिरांचे जाळे त्यांना दारातूनच दिसले होते. क्रीम सोडल्यावर काही आठवडे आग वाढेल, असे त्यांनी सांगितले, आणि ती वाढलीच. तुम्हीही असे काही लावत असाल, तर डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्हीच दिलेत ना, हे दिवाणी प्रकरण’ असे ऐकून घेतले. औषधांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात मूळ वेष्टन आणि औषधाचे बिल मागितले; वेष्टन नाही हीच माझी तक्रार, हे तीन फेऱ्यांत, म्हणजे तीन रजा खर्चून, समजावता आले नाही. बिलावर केवळ ‘सौंदर्यसेवा’ छापलेले होते. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वैद्यकीय नोंदणीचे काम पाहणाऱ्यांनी कळवले, की त्या गृहस्थांची नोंदणीच नसल्याने कारवाई आमच्या कक्षेत येत नाही! २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमे शेड्यूल ‘एच’मध्ये आणून चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, ती कोणासाठी?

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही. चौथी डबी अर्धी शिल्लक आहे. ती, यूपीआयच्या नोंदी आणि त्या बाईचे संदेश मी जपून ठेवले आहेत. पहिल्या तीन डब्या मात्र मी स्वतःच धुऊन कुंकवाला वापरल्या.