एज ऑफ एम्पायर्स: दुसरा की चौथा?

एज ऑफ एम्पायर्स या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमचा तिसरा भाग 2005 मध्ये आला आणि चौथ्यासाठी थेट ऑक्टोबर 2021 उजाडला. सोलापुरात आम्ही मित्रांनी त्याची चातकासारखी वाट बघितली. माझं मत चौथ्यालाच, आणि ते तटबंदीमुळे. आपल्या भुईकोट किल्ल्याचा तट ज्याने बघितलाय त्याला लगेच पटेल: इथे धनुर्धारी दगडी तटावर चढून खालच्या फौजेवर बाण सोडतात. दुसऱ्यात भिंत म्हणजे नुसता अडसर. चौथ्यात खेळायला निवडता येणारी दिल्ली सल्तनत ही संस्कृतीही झकास. तिचं संशोधन, म्हणजे फौज वगैरे सुधारणं, फुकट पण वेळखाऊ. मशिदीत विद्वान बसवले की वेग येतो. दुसऱ्याकडे संस्कृतींचा भरणा जास्त, 2022 च्या विस्तारात द्रविड, बंगाली, गुर्जरही आले. शिवाय तो तुलनेने हलका. लॅपटॉप जुना असेल तर दुसराच घ्या.