ओल्या कचऱ्याचं खत: पाल्याचा ड्रम, गांडुळं की बोकाशी?

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं मनात असेल, तर बाजारातले डबे बघण्याआधी आठवडाभर आपली कचऱ्याची बादली बघा. भाजीची देठं, मटाराची टरफलं, चहाचा चोथा एवढंच असेल तर पाल्याचा ड्रम, गांडुळं आणि बोकाशी (बंद बादलीत कचरा आंबवणं) या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. उरलेली आमटी, भात, माशांचे काटे रोज पडत असतील तर गांडुळांचा विचार सोडून द्या.

मी तिन्ही करून पाहिलं. टिकला तो पाल्याचा ड्रम. 50 लिटरच्या ड्रमला बाजूंनी आणि तळाला भोकं पाडायची, तळाशी नारळाच्या शेंड्या घालायच्या. मग कचऱ्याचा एक थर आणि त्यावर निदान दुप्पट सुका पाला. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. सगळी मदार त्या पाल्यावर आहे. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, पाल्यात कर्ब (कार्बन) जास्त. कर्ब नत्राच्या 25 ते 30 पट असला की जिवाणू जोमानं कामाला लागतात. पाला कमी पडला की ड्रम चिकट होतो, आतली हवा कोंडते आणि वास सुटतो. शंका आली तर आतला ऐवज मुठीत दाबून बघा. बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा. हात नुसता ओलसर झाला आणि गोळा टिकला, तर झकास चाललंय. कधी मळकट पांढऱ्या, जाड अळ्या वळवळताना दिसतात आणि लोक घाबरून अख्खा ड्रम टाकून देतात. कृपा करून टाकू नका. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, सडका कचरा खातात, झाडांना काही करत नाहीत. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं, चाळून घ्यायचं.

खत म्हणून बघाल तर गांडूळखत सरस. चहापत्तीसारखं काळं, भुरभुरीत, आणि पावसानंतरच्या मातीचा वास. गांडुळांचा बेड (ती राहतात तो थर) जमला की दीड-दोन महिन्यांत हाती येतं. त्यासाठी पावसात अंगणात निघणारी गांडुळं चालत नाहीत. सडत्या पाल्यात राहणारी, आयसेनिया फेटिडासारखी जात आणावी लागते. पण हे जनावर पाळणं आहे, हे आधीच समजून घ्या. माझा क्रेट पश्चिमेच्या बाल्कनीत होता. एप्रिलमध्ये ओलं पोतं झाकूनही चार दिवसांत सगळी गांडुळं गेली. पस्तिशीच्या वर पारा त्यांना सोसत नाही. लिंबाची सालं, मिरची, मीठ, तेलही नाही. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल आणि दाट सावलीची जागा नसेल, तर त्या जिवांना त्रास देऊ नका.

बोकाशी जपानची. जिवाणू मुरवलेला कोंडा प्रत्येक थरावर भुरभुरायचा, दाबायचं, झाकण घट्ट लावायचं. बादली भरली की दोन आठवडे तशीच ठेवायची. कचरा कुजत नाही, लोणच्यासारखा आंबतो. म्हणून त्यात शिजवलेलं अन्न आणि मासेही चालतात. मासळीशिवाय ज्यांचं जेवण होत नाही अशा कोकण-गोव्यातल्या घरांना मी हीच सुचवेन. मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा: कोंडा सतत विकत घ्यावा लागतो (किंवा शिकून घरी करावा लागतो), आणि बादलीतून निघतं ते खत नव्हे. ते मातीत पुरून दोन-तीन आठवडे थांबायचं, मगच रोप लावायचं. घाई केलीत तर आंबटपणानं मुळं भाजतात. खाली जमणारं पाणीही शंभरपट पातळ करूनच घाला.

परसबाग असेल तर यातलं काहीच विकत आणू नका. केळी-पपईजवळ फूटभर खड्डा करा, कचरा घाला, मातीनं झाका, पुढच्या वेळी जागा बदला.

शेतकरी मित्र विचारतात, यावर पीक निघेल का? हिशोब मांडू. चौघांच्या घरात दिवसाला पाऊण किलो कचरा धरला तर वर्षाला पावणेतीनशे किलो, आणि खत त्याच्या पाव, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास. एकराला दोन टन गांडूळखत घालायचं म्हटलं तर गुंठ्याला 50 किलो लागतं. म्हणजे एका घराचं खत दीड गुंठ्याला पुरेल. वांगी-टोमॅटोचा वाफा, रोपवाटिका, दारचा भाजीपाला यांना ते उत्तम. उसाला, कापसाला शेणखतच हवं.

ड्रम ठरवलात तर पाल्याची तजवीज आधी करा. पानगळीच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, सोसायटीतला पाला झाडून जाळला जातो. झाडणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा. चार पोती भरून कोरड्या जागी ठेवलीत की पावसाळ्यात, जेव्हा सुकं पान शोधून सापडत नाही, तेव्हा ड्रम अडत नाही.