तक्त्यांचा संच की परिसरफेरी?

बालवाडी ते दुसरीच्या मुलांना समाजाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न दर उन्हाळ्यात, पुढच्या वर्षाची खरेदी ठरवताना, शिक्षकांपुढे येतो. परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक आपल्याकडे तिसरीपासून हाती येत आले आहे. त्याआधी हा विषय भाषेत आणि गणितात मिसळलेला असतो आणि तो कसा शिकवावा हे बरेचसे वर्गशिक्षकावर सोडलेले असते. तेव्हा एक तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन तक्ते आणि सराव-पुस्तिकांचा तयार संच आणावा, नाही तर मुलांना घेऊन शाळेबाहेर पडावे. पेठेतल्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवताना मी आधी चार वर्षे संच वापरला आणि नंतर फेरीकडे वळलो. माझा कल लपणार नाही. तरी संचाची बाजू कमी लेखू नये, असे मला वाटते.

संचाचा मोठा गुण असा, की शिक्षक रजेवर असला तरी तास बुडत नाही. बदली शिक्षिकेने पान उघडावे, चित्र दाखवावे, मुलांनी रेघा जोडाव्यात, रंग भरावा, एवढ्यावर काम भागते. पावसाळ्याचे तीन महिने फेरी निघत नाही, तेव्हा तक्तेच उपयोगी पडतात. शिवाय पालकसभेत 'वहीत काय केले?' या प्रश्नाला भरलेली पुस्तिका दाखवता येते. समुद्र, कोळ्याची होडी, बर्फाळ प्रदेशातले घर या पुण्याच्या मुलाला चालत जाऊन न दिसणाऱ्या गोष्टींसाठी चित्राला पर्याय नाही.

माझे मन संचावरून उडाले ते 'आपले मदतनीस' या पानापाशी. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला चित्रे, मध्ये रेघ जोडायची. एक प्रश्न होता, 'भाजी कोण विकतो?' आणि त्याच्यासाठीचे चित्र मिशीवाल्या, हातगाडीवाल्या भाजीवाल्याचे. वर्गातल्या एका मुलीची आई मंडईत बसते. तिने रेघ जोडली नाही. प्रश्नाखाली 'आई' असे लिहिले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची उत्तरे समोर ठेवून पंचेचाळीस वह्या तपासण्याच्या घाईत मी तिथे लाल फुली मारली. मुलीने तक्रार केली नाही. पुढच्या महिन्यातल्या चाचणीत हेच पान पुन्हा आले, तेव्हा तिने न चुकता भाजीवाल्याकडे रेघ ओढली आणि मी तिला पूर्ण गुण दिले. वह्या परत करताना दोन्ही पाने शेजारी दिसली आणि घोटाळा कुठे आहे ते लक्षात आले. प्रश्नातल्या 'विकतो' या एका क्रियापदाने उत्तर आधीच ठरवून टाकले होते. मुलीला स्वतःच्या घरात ठाऊक असलेली गोष्ट त्यात बसायला जागाच नव्हती. हा एका पानाचा दोष आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही असेल. पण त्यानंतर मी बाकीची पाने त्याच नजरेने पाहू लागलो आणि 'पाणी कुठून येते? – नदी, विहीर, तलाव' या ओळीशी पुन्हा थांबलो. पेठेतले पाणी खडकवासल्याहून पर्वतीच्या जलकेंद्रात येऊन मग नळाला येते. शहराच्या कडेच्या कितीतरी सोसायट्यांतल्या मुलांनी ते टँकरमधून येताना पाहिलेले असते.

फेरी मात्र महाग पडते, पैशाने नव्हे, दमणुकीने. संमतीपत्रे, सोबत दोन मावशी, आदल्या दिवशी रस्ता स्वतः चालून पाहणे, आणि एवढे करून एका सकाळीत फार तर तीन थांबे. आम्ही निम्मा वर्ग नेतो, निम्मा दुसऱ्या आठवड्यात. मंडईची इमारत १८८६ सालची, पूर्वीचे रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. पण तिच्यासमोर उभे राहून मी सन सांगत नाही. भिंतीला किती बाजू आहेत ते चालत मोजायला लावतो आणि आठ की नऊ यावर भांडण होते. गाळ्यावर एकच प्रश्न विचारायचा: ही मेथी इथे कुठून आली? उत्तर मिळाले, 'गुलटेकडीहून.' त्या दिवशी निम्म्या वर्गाने घरी जाऊन मेथी गुलटेकडीत उगवते असे सांगितले, आणि तिथल्या मार्केट यार्डाच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, पलीकडे शेत असते हे समजवायला मला पुढचे दोन तास लागले. संचातल्या शेताच्या तक्त्याचा त्या तासांना फार उपयोग झाला, हे कबूल केले पाहिजे.

जुन्या काळाच्या बाबतीत तर तुलनाच होत नाही. तक्त्यावर शनिवारवाड्याखाली १७३२ लिहिलेले असते, आणि दुसरीच्या मुलाची मोजणी जेमतेम शंभरापर्यंत गेलेली असते. त्याच्या दृष्टीने तो नुसता मोठा आकडा. दिल्ली दरवाजाचे खिळे मात्र मान वर करून पाहिले, की ते इतक्या उंचावर का, हा प्रश्न कोणी तरी विचारतोच. हत्तीच्या धडकेसाठी, असे सांगितल्यावर एकाने मागे वळून रिक्षांकडे पाहिले आणि विचारले, 'हत्ती तिथे उभे राहायचे का?' पूर्वी इथे दुसरेच काही होते, एवढे त्या वयाला पुरे.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिथे परिसर आपसूकच वर्गात होता. आपल्याला तो रस्ता ओलांडून गाठावा लागतो, आणि ज्या शाळेच्या दारातच महामार्ग आहे किंवा जिथे साठ मुलांमागे एकच शिक्षक आहे, तिथे फेरीचा आग्रह मी धरणार नाही. तिथे संच घ्यावा; फक्त मागची उत्तरांची पाने आधी काढून ठेवावीत आणि रेघा जोडण्याऐवजी 'तुमच्याकडे कोण?' असे विचारावे. ज्यांना पंधरा-वीस मुले आणि एक चालण्याजोगी गल्ली मिळते, त्यांनी त्याच पैशातून दोन-तीन तक्ते पावसाळ्यासाठी घेऊन बाकीचे फेरीसाठी राखावेत, असे माझे मत आहे. पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर काढावी, आणि प्रत्येक गटाच्या हाती वीस-तीस रुपये द्यावेत. गाळ्यावर बोहनी झालेली नसेल, तर आधी एक जुडी घ्यावी आणि मगच प्रश्न विचारावा.